दृष्ट आधी मोटारीची

ये गं, अशी जवळ ये. त्या खुर्चीत नको, हितं माझ्या शेजारी बस, मला आता मोठ्यानं बोलवत नाही. पेढा छान होता. पेढा खाल्ला, तुझं लायसन डोळ्यांजवळ धरून बघितलं, फोटोत तू चोरासारखी दिसतेस तेही सांगून झालं. आता बोलणी खा. नातेपुत्याहून सोलापूरपर्यंत एकटी गाडी चालवत आलीस, त्याचं कौतुक मी चार घरी सांगणार आहे. पण गाडी दारात लागली तेव्हा मी खिडकीतनं बघत होते. पुढच्या आरशाला केवढी गर्दी टांगलीयस गं? एक कापडी अस्वल, एक मोत्यांची माळ, आणि त्याखाली घुंगरू. मी विचारलं तर म्हणालीस, "मामीआजी, शोभेला आहे."

शोभेला! पोरी, मला गटारीचा नसेल एवढा ह्या शोभेचा तिटकारा आहे. गटार निदान वास मारून सांगते तरी, की बाई लांबनं जा.

रागावू नकोस. तुला जे सांगणार आहे ते तुझ्या आजीचं आहे, म्हणजे माझ्या नणंदेचं, आणि तुझ्या आईचंही आहे, ती तेव्हा पोटात होती. तुझी आजी हे कुणाला सांगत नाही, भावाची अब्रू जाईल म्हणून. माझा काही तो भाऊ नव्हे, मी वहिनी. मला सांगायला काय जातंय?

सत्तर साल उलटून गेलेलं होतं. मोठा दुष्काळ सरला होता, पेट्रोल महागलं होतं, आणि नेमकी अशा वेळी माझ्या धाकट्या दिरांना मोटार घ्यायची बुद्धी झाली. मी त्यांना भाऊजी म्हणायची. नवी पेठेत त्यांचं चादरी-टॉवेलचं दुकान. दुकान बरं चालायचं, जीभ त्याहून बरी चालायची. कुणा डॉक्टरांनी वापरून सोडलेली एक राखाडी मोटार त्यांनी आणली. पुढं सलग बाक, त्यावर तिघं बसायची, आणि गिअरचा दांडा चाकाच्या खालीच. तेव्हा आमच्या आळीत मोटार म्हणजे लग्नातल्या घोड्यासारखी गोष्ट. पोरं नुसती हात लावून बघायची. बाकी सगळा कारभार सायकलींचा आणि टांग्यांचा.

भाऊजी मोटार शिकले होम मैदानावर. गड्ड्याची जत्रा नसली की ते मैदान मोकळंच. तिथं ते गोल गोल फिरायचे, एकाच दिशेनं, घाण्याच्या बैलासारखे. समोर कुणी नाही, मागं कुणी नाही, गाडी मागं घ्यायची वेळच येत नव्हती. मग एक दिवस ओळखीच्या माणसाला घेऊन परीक्षेला गेले आणि तासाभरात लायसन घेऊन आले. आमच्या ह्यांनी विचारलं, "एवढ्या लवकर? काय काय करायला लावलं?"

तर म्हणाले, "दादा, साहेब म्हणाले पुढं घ्या, मी झक्क पुढं घेतली. मागं घ्या म्हणायच्या आत चहा आला. चहा झाला आणि सही झाली."

आणि हसले. आमचे हेही हसले. सासूबाई तर पदर तोंडाला लावून हसल्या, की बघा, माझ्या लेकाचं तेजच असं. मी भाकऱ्या थापत होते. मला हसू आलं नाही. माझं माहेर शेतावरचं. आमच्याकडं साधी बैलगाडी मागं सारायची तरी एक माणूस मागं जाऊन उभा राहायचा, 'येऊ दे, येऊ दे, थांब' म्हणून ओरडायचा, कारण मागं कुणाचं लेकरू खेळत असेल, कुणाची शेळी बसली असेल. बैलाला मागचं दिसत नाही हे आमच्या गड्यांना कळत होतं. आणि हितं शिकलेसवरलेले दोघं भाऊ, मागं घेता येत नाही ह्याचा विनोद करून हसत होते.

मग खंडेनवमी आली. तू बघितलीच असशील आपल्याकडची हत्यारांची पूजा. विळी, कोयता, दुकानातला कापड मोजायचा गज, कात्री, सगळं पाटावर मांडलं. भाऊजींनी त्या ओळीत स्वतःचं लायसन ठेवलं. तेव्हा ते छोट्या पुस्तकासारखं असायचं, आत फोटो डकवलेला. सासूबाईंनी त्यालाही हळदकुंकू वाहिलं, आणि कुंकवाचं बोट नेमकं फोटोतल्या एका डोळ्यावर पडलं. पुसलं तर लालभडक डाग सगळ्या गालभर झाला. भाऊजी ते पुढं वर्षभर लोकांना दाखवत फिरायचे, "देवीचा हात लागलाय ह्याला."

दसऱ्याला मोटारीची पूजा तर काय विचारू नकोस. बॉनेटवर केळीचे खुंट, पुढच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक हे एवढं, चाकाखाली लिंबं, आणि झेंडूचे हार. एक हार पुढं, एक आतल्या आरशाला, एक दाराजवळच्या बाहेरच्या आरशाला गुंडाळलेला. एका दिवसाचं असतं तर मी काही बोलले नसते, आपला सण आहे. पण दुसऱ्या दिवशी मी काच पुसायला फडकं घेऊन गेले, तर सासूबाई ओसरीवरनं कडाडल्या.

"ए सूनबाई, हात लावू नगंस! देवाला घातलेला हार माणसानं काढायचा नसतोय. त्यो आपोआप गळून पडतोय."

"अहो, पण आरशात काही दिसत नाही."

"आरशात बघायला ती काय तुझी फणीकरंड्याची पेटी हाय व्हय?"

झालं. मग तो हार राहिला तसाच. आठवड्यात झेंडू काळे पडले, पंधरवड्यात कुजले. आरशाला नुसती तपकिरी लाळ सुटल्यासारखं दिसायचं. दार उघडलं की आतनं कुजक्या फुलांचा, उदबत्तीचा आणि भाऊजींच्या तंबाखूच्या पानाचा मिळून एक वास यायचा. ड्रायव्हरच्या बाजूचं दार बाहेरनं बघशील तर पानाच्या पिचकाऱ्यांनी तांबडं झालेलं. चालत्या गाडीतनं थुंकलं की वारा अर्धं आपल्याच दारावर आणून टाकतो, एवढं साधं शहाणपण त्या माणसाला वर्षभरात आलं नाही. आणि ह्या गाडीला घरात सगळे 'लक्ष्मी' म्हणायचे.

तुझी आजी तेव्हा वळसंगच्या पलीकडं, अक्कलकोटच्या अंगाला एका खेड्यात दिलेली. पहिलटकरीणच म्हणायची. सातवा लागला आणि तिला बाळंतपणाला माहेरी आणायचं ठरलं. त्याच्या आदल्या वर्षी तिचं एक पोटातच गेलेलं होतं, हे तुला ठाऊक नसेल. म्हणून तिच्या सासूनं निरोप धाडलेला, की पोर अंगानं नाजूक आहे, गचके बसू देऊ नका, सावकाश न्या. आमच्या ह्यांचं म्हणणं, लाल बस चांगली, पुढच्या बाकावर बसवून आणू. भाऊजी ऐकतात कुठं?

"घरात लक्ष्मी असताना माझी बहीण यष्टीनं येणार? लोक तोंडात शेण घालतील."

लोकांचं शेण त्यांना दिसलं, बहिणीचं पोट दिसलं नाही. सोबतीला बाईमाणूस पाहिजे म्हणून मला बसवलं. मी मागं बसले, मांडीवर शिदोरीची पाटी धरून.

जातानाच मला कळलं की परत येणं सोपं नाही. तुला आता त्या दिव्यांची सवय आहे, उजवा लागतो, डावा लागतो. तेव्हा गाडी उजवीकडं वळवायची तर माणूस खिडकीतनं उजवा हात बाहेर काढायचा. भाऊजी हात बाहेर काढायचे ते चुना झटकायला. मागनं येणाऱ्यानं काय समजावं? एक सायकलवाला, मागं दुधाच्या किटल्या लावलेल्या, हात बघून बिचारा डावीकडनं पुढं निघाला, आणि भाऊजी नेमके डावीकडं सरले. तो माणूस सायकल टाकून खड्ड्यात उतरला म्हणून वाचला. त्यानं काय काय शिव्या दिल्या त्या मी तुला सांगत नाही, पण एकही चुकीची नव्हती.

भाऊजी मला म्हणाले, "बघितलंत वहिनी? लोकांना रस्त्यावर कसं वागायचं कळत नाही."

आणि हे सांगायला पूर्ण मान वळवून मागं बघितलं माझ्याकडं. समोर रस्ता, आणि ह्यांचं तोंड माझ्याकडं. मी म्हटलं, "भाऊजी, मला काय बघताय, मी कुठं पळून जात नाही. पुढं बघा."

"अहो, गाडी आपोआप जाते, तिला रस्ता ठाऊक आहे."

उतार लागला की इंजिन बंद करायचे. पेट्रोल वाचतं म्हणे. गाडी नुसती वाऱ्यावर सोडलेली, सरसर खाली, आणि हे टाळ्या वाजवल्यासारखे चाकावर थाप मारायचे, "फुकटात चाललोय वहिनी, फुकटात!" खाली वळणावर शेरडं आडवी आली तेव्हा मग हॉर्न. हॉर्न म्हणजे त्यांना ब्रेकचा भाऊच वाटायचा. शेरडं राखणारी म्हातारी काठी घेऊन अंगावर धावली. मी मनात म्हटलं, बाई, दे एक ठेवून.

तुझ्या आजीच्या सासरी जेवणखाण झालं. तिची सासू मला बाजूला घेऊन म्हणाली, "वैनी, तुमच्या हातात देते. हळू न्या म्हणावं." मी काय म्हणणार? मी 'हो' म्हटलं. आजी तुझी पुढच्या बाकावर बसायला निघाली, मी तिला मागं माझ्याजवळ घेतली, दोन्ही बाजूंनी गोधड्या लावल्या. तिनं आरशाकडं बघून नाक मुरडलं.

"वहिनी, हे काय कुजलंय?"

"तुमच्या आईंचा देव आहे," मी म्हटलं. "गप बसा."

तिनं पोटावर हात ठेवला तो वाटेत उतरेपर्यंत काढला नाही. तिला मी विचारलंही नाही. दोघींनाही ठाऊक होतं ती काय मोजत होती, आतली हालचाल.

वळसंग अजून थोडं पुढं होतं आणि रस्त्यावर उडीद पसरलेला दिसला. त्या साली उडीद लई चांगला झालेला. तुला माहीत आहे की नाही कोण जाणे, शेतकरी वाळलेली उडदाची झाडं उपटून आणतो आणि सरळ डांबरी रस्त्यावर अंथरतो. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या त्यावरनं जातात, शेंगा फुटतात, दाणे मोकळे होतात. बैल फिरवायला नकोत, खळं करायला नको. रस्ताच खळं. वाईट पद्धत आहे, पण गरजेची. तिथं एक शेतकरी, त्याची बायको आणि दोघं-तिघं गडी होते. रस्त्याला वाहन कमी, म्हणून बिचारे वाट बघत बसलेले. मोटार बघून शेतकरी फेटा सावरत पुढं आला.

"साहेब, वरनं घ्या की. दोन-चार चकरा मारल्या तर लई उपकार हुतील. सकाळधरनं एक ट्रक ग्येला बघा, बास."

'साहेब' म्हटलं ना, झालं! भाऊजींची छाती फुगली. त्यांना दुकानात गिऱ्हाईक सुद्धा साहेब म्हणत नव्हतं. मी म्हटलं, "भाऊजी, उशीर होतोय, वन्संना बसवत नाही." तर तुझी आजीच म्हणाली, "वहिनी, माझी कंबर धरलीय, जरा उतरते." म्हणून आम्ही दोघी उतरलो. शेतकऱ्याच्या बायकोनं तिचं पोट बघितलं आणि कानडीत हाक मारली, "इल्ली बा, अव्वा, इल्ली बा." इकडं ये, म्हणजे. कडेला लिंबाच्या झाडाखाली पोतं घडी करून ठेवलेलं, त्यावर तिला बसवलं, तांब्यातनं पाणी दिलं. मी पलीकडच्या अंगाला होते, लुगड्याला लागलेली कुसळं काढत.

भाऊजींनी गाडी उडदावर घातली. पुढं गेले. कडकड कडकड शेंगा फुटल्या. गडी ओरडले, "वा साहेब, वा!" मग गाडी मागं आणायची. जन्मात ज्यानं गाडी मागं घेतली नव्हती, तो माणूस कौतुकासाठी मागं घ्यायला लागला. पहिल्यांदा जमलं. परत पुढं, परत 'वा साहेब'. आता त्यांना नादच लागला. आरशात बघावं, तर आरशावर महिन्याभराचा कुजका झेंडू. मान वळवून मागं बघावं, तर मागं कौतुक करणारं कुणी नाही, सगळे पुढं उभे. म्हणून हा बाबा तोंड पुढं, दात काढून, आणि गाडी मागं.

आणि खाली दाणे मोकळे झालेले होते. तू कधी फरशीवर सांडलेल्या उडदावर पाय दिलायस? तसंच चाकाचं झालं. चाक सरळ जाईना, गाडी तिरपी व्हायला लागली, कडेकडं, लिंबाच्या झाडाकडं. मी ओरडले. भाऊजी स्वतःचाच हॉर्न वाजवत होते, मजा म्हणून. कुणाला काय ऐकू जाणार? मी धावले, पण काडात माझे पाय अडकत होते. तेवढ्यात त्या शेतकऱ्याच्या बायकोनं हातातलं सूप टाकलं, तुझ्या आजीच्या दोन्ही काखांत हात घातले आणि तिला अशी ओढली, पोत्यावरनं मागं, भुसाच्या ढिगात. दोघी त्या ढिगात आडव्या झाल्या. मागचं चाक पोत्यावर चढलं, तांब्यावर चढलं, आणि झाडाच्या मुळीला लागून थांबलं.

हॉर्न बंद झाला. भाऊजी खाली उतरले, मागं आले, तांब्या बघितला. भाकरीसारखा चपटा झालेला.

"तांब्या होय!" ते म्हणाले. "मला वाटलं काय झालं. नवा घेऊन देतो की बाई, त्यात काय!"

पोरी, मी पुष्कळ घाण बघितली. बाळंतिणीचं केलंय, म्हाताऱ्यांचं केलंय, पुराच्या पाण्यात फुगलेलं जनावर बघितलंय. पण त्या एका वाक्याची जेवढी शिसारी मला आली, तेवढी कशाची आली नाही. शेतकरी सुद्धा थंडपणानं म्हणाला, "साहेब, तांब्याचं ऱ्हाऊ द्या. तुमच्या बाईकडं बघा."

तुझी आजी ढिगात बसलेली. केसांत भूस, पांढरीफटक, दोन्ही हात पोटावर. मी तिच्यापुढं बसले. विचारायची छाती होईना. ती शेतकऱ्याची बाई तिच्या पायाचे तळवे घासत होती. खूप वेळ गेला असं मला वाटलं. लिंबावर एक पाखरू ओरडत होतं, मला त्याचा सुद्धा राग आला.

मग तिनं माझा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवला. काही नाही. काही नाही. आणि मग एक ढुशी. बारीकशी, पण ढुशी.

"हललं," ती म्हणाली. मग रडली.

ती तुझी आई होती. तिला सांग, पहिल्यांदा मला अशी भेटलीस म्हणावं.

भाऊजी दार उघडून उभे. "चला, बसा. काही झालेलं नाही. आणि हे बघा, घरी बोलायचं कारण नाही, उगीच आई घाबरेल."

तुझी आजी उठली, पदर झटकला आणि वळसंगच्या दिशेनं चालायला लागली. मी शिदोरीची पाटी उचलली आणि मागनं निघाले. शेतकऱ्याची बायको सोबत आली, तिनं एका हाताला धरलं, मी एका. भाऊजी हळूहळू गाडी आमच्या बाजूनं चालवत होते, काच खाली करून. "अगं, असं काय करतीस? लोक बघतायत. अगं, मी तुझा सख्खा भाऊ!" ती चालतच राहिली. मी मात्र एकदा बोलले. म्हटलं, "भाऊजी, आता तरी पुढं बघा."

वळसंगला लाल बस मिळाली. कंडक्टरनं पोट बघून पुढचं बाक रिकामं करून दिलं. बस खडखड करत होती, गचके देत होती, पण तुझी आजी माझ्या खांद्यावर झोपली.

आता तुला वाटेल, घरी गेल्यावर भाऊजींना कुणीतरी धारेवर धरलं असेल. मलाही तसंच वाटलं होतं. मी पाटी खाली ठेवायच्या आधी सगळं सांगून टाकलं. सासूबाईंनी ऐकलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "दृष्ट लागली. सगळ्या पेठेच्या डोळ्यात सलतिया ती मोटार." चुलीतले निखारे घेतले, मीठमोहऱ्या घेतल्या, मिरच्या घेतल्या, आणि बाहेर जाऊन आधी मोटारीची दृष्ट काढली. आधी मोटारीची! लेक पायऱ्यांवर बसून होती, तिला वळसा घालून गेल्या. मोटारीची झाल्यावर मग तिची. आणि मोटारीच्या आरशाला, त्याच त्या कुजक्या हाराच्या खाली, एक काळी बाहुली बांधली.

मिरच्यांच्या ठसक्यानं सगळे खोकत होते, आणि भाऊजी खोकता खोकता आमच्या ह्यांना सांगत होते, "पण दादा, उडीद असा मळून दिला बघ, बैलांनी दोन दिवसांत झाला नसता." दुसऱ्या दिवशी दुकानातही हेच सांगितलं त्यांनी. बहीण त्या गोष्टीत नव्हतीच.

तुझी आई पुरे दिवस भरून जन्मली, चांगली ठणठणीत. सगळं घर आनंदात. पण तीन महिन्यांनी तिला घेऊन आजीला सासरी पोचवायची वेळ आली, आणि सासूबाई म्हणाल्या, "नात लक्ष्मीतनंच जाणार. हिच्या सासरच्यांनी बघू दे तरी."

तुझ्या आजीचं तोंड मी बघितलं. रात्रंदिवस ती त्या पोरीला छातीशी धरून बसायची. मला म्हणाली, "वहिनी, मी बसणार नाही. पण नाही म्हटलं तर आई जेवण सोडेल. काय करू?" मी म्हटलं, हार तोडून टाकते, होऊ दे काय व्हायचं ते. ती म्हणाली, "तुम्ही तोडला तर उद्या दुसरा येईल. थांबा."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, सासूबाई देवपूजेला बसलेल्या असताना, लेकीला मांडीवर घेऊन जवळ जाऊन बसली. अगदी साळसूद.

"आई, देवावरची कालची फुलं का काढतीस गं?"

"शिळं निर्माल्य देवावर ठेवायचं असतंय व्हय? पाप लागतंय."

"मग मोटार आपली लक्ष्मी ना? तिच्यावर दसऱ्याचं निर्माल्य अजून कसं गं?"

सासूबाईंचा हात थांबला.

"आणि देवाला तू रोज स्नान घालतीस. मोटारीची काच कुणी धुतलीय? आणि देवळात गेल्यावर आधी काय करतो आपण? प्रदक्षिणा. धाकटा दादा तर सरळ चढून बसतो, चपला घालून, तोंडात पान घेऊन. देवाच्या अंगावर कुणी थुंकतं का, आई? म्हणून तर कोपली असेल लक्ष्मी."

मी स्वयंपाकघरातनं ऐकत होते. मला वाटलं, आता चपराक बसणार. पण सासूबाई पूजा अर्धी टाकून उठल्या. "अरं ए!" त्यांनी अशी हाक मारली की भाऊजी दाढीचा साबण तसाच घेऊन बाहेर आले. "अरं गाढवा, लक्ष्मीच्या अंगावर थुकतोस? इकडं ये!"

त्या दिवशी हार निघाले. बाहुली निघाली, तसल्या काळ्या बाहुलीनं देवाच्या आरशात तोंड बघायला नको म्हणून. सासूबाईंनी स्वतः उभं राहून काच धुवून घेतली, पिचकाऱ्या घासून घेतल्या. मग हुकूम सुटला. रोज सकाळी काच ओल्या फडक्यानं पुसायची. बसायच्या आधी गाडीभोवती एक प्रदक्षिणा, वाकून चारी चाकांना नमस्कार. पान बंद. मागं घ्यायच्या आधी परत उतरून प्रदक्षिणा, कारण देवाला पाठ दाखवायची तर परवानगी घ्यावी लागते. हे शेवटचं तुझ्या आजीनं घुसडलेलं.

भाऊजींनी सगळं केलं, अगदी भक्तिभावानं. प्रदक्षिणा घालताना एकदा त्यांना चाकाखाली शेजाऱ्याचं मांजर झोपलेलं सापडलं, एकदा वारा गेलेलं चाक. पेठेत लोक म्हणायला लागले, काय सांभाळून चालवतो गडी! तुझी आजी पोरीला घेऊन मागं बसली आणि त्याच रस्त्यानं सुखरूप सासरी गेली. मी सोबत होते. उतारावर इंजिन चालू होतं. 'लक्ष्मीचा श्वास बंद करायचा नाही,' असंही कुणीतरी सांगितलं होतं म्हणे.

सगळं गोड झालं. पण मला गोड लागलं नाही, आणि अजून लागत नाही. तुझी आजी हसायची, मी तिला म्हटलं, "वन्सं, तुमच्यासाठी त्यानं एक फूल काढलं नाही. पोटातल्या लेकरासाठी मान वळवली नाही. आणि देवाचं नाव घेतल्याबरोबर चार चाकांना नमस्कार!" ती म्हणाली, "वहिनी, माझी पोरगी पोचली. तो कशासाठी वाकला ते त्याचं तो जाणे." तिचं खरं असेल. तिच्याएवढं मोठं मन माझं नाही. एखाद्या माणसाला आपलं माणूस वाचवायला सुद्धा दुसरं निमित्त लागतं, ह्याची मला अजून किळस येते.

तुला मी देवाचं निमित्त देणार नाही. तू शहाणी आहेस. गाडीच्या मागं कुणी असेल एवढंच पुरे असतं, आणि ते कोण आहे हे बघायला उतरावं लागतं. पाय दुखत नाहीत उतरून.

तुझी आजी अजूनही वाटेल त्याच्या गाडीत बसत नाही. तिचा मुलगा, तिचा जावई, सगळ्यांना तिनं आधी नकार दिलाय, बघून-सवरून मगच बसलीय. गुडघ्यांमुळं तिला आता बस चढवत नाही, म्हणून आम्हा दोघींची गाठ पडून लई दिवस झाले. फोनवर नुसतं खोकणं ऐकू येतं एकमेकींचं. तू तिला विचार. तुझ्या गाडीत ती बसते म्हणाली, तर तुझं खरं लायसन आलं असं मी समजेन. सकाळच्या उन्हात निघा, वाटेत दोनदा थांबा, तिला गुडघे मोकळे करू दे. मी हुलग्याचं माडगं करून ठेवते, तिला आवडतं. पण लवकर या गं. फार वाट बघायला लावू नका.